कुत्र्याला ठरावीक वास शोधायला शिकवताना नेमकं कुठे चुकतं?

मृदगंध (प्रश्न)

नमस्कार. दोन वर्षांच्या मिश्र जातीच्या कुत्रीला एक ठरावीक वास शोधायला शिकवणं चालू आहे. छिद्रं पाडलेल्या डबीत सुकी लवंग ठेवायची, शेजारी तशाच रिकाम्या डब्या मांडायच्या आणि लवंगेच्या डबीपुढे ती बसली की खाऊ द्यायचा, अशी पद्धत आहे. रोजच्या खोलीत दहापैकी नऊ वेळा बरोबर येतं. खोली बदलली की निम्म्यावर येतं. मोकळ्यावर नेलं तर डब्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आणि हल्ली रिकाम्या डबीपुढेही बसते आणि तोंडाकडे बघत राहते.

विचारायचं आहे ते असं. एक, तिच्या नाकात नेमकं काय चालतं आणि त्याचा शिकवण्याशी संबंध काय? दोन, शिकवण्याचा योग्य क्रम कोणता? तीन, हरवलेली वस्तू किंवा माणूस शोधणं, मधुमेह्याची साखर उतरल्याचं ओळखणं, अशा उपयोगाच्या कामापर्यंत घरचा कुत्रा कितपत जाऊ शकतो? "कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा लाखपट तेज" एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं, त्यातून करायचं काय ते कळत नाही.

---

नाकपुडी

"लाखपट" हा आकडा आधी बाजूला ठेवा. एकच पट सगळ्या वासांना लागू होत नाही. काही वासांत कुत्रा आपल्या फार पुढे असतो, तर मोजून पाहिलेल्या काही वासांत माणूस त्याच्या बरोबरीला येतो. धरून चालण्यासारखे आकडे असे: वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात साधारण ५० ते ६० लाख आणि कुत्र्याच्या नाकात जातीनुसार २० ते ३० कोटी. त्या पेशींवरची ग्राहक प्रथिनं बनवणारी कार्यरत जनुकं माणसात ४०० च्या आसपास, कुत्र्यात ८०० च्या आसपास. २००६ साली केळ्यासारखा वास येणाऱ्या अमाइल ॲसिटेटवर दोन कुत्र्यांची चाचणी झाली. त्यांनी लाख कोटी भागांत एक-दोन भाग इतक्या कमी प्रमाणातला वास ओळखला. पाण्याच्या हिशेबात सांगायचं तर पाच कोटी लिटरमध्ये एक थेंब. पण हे सहा महिने शिकवलेल्या कुत्र्यांचं झालं, असल्या चाचणीत उभा राहिलेला न शिकवलेला कुत्रा तिथवर पोचत नाही.

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने पेशींच्या संख्येपेक्षा हवेचा प्रवास महत्त्वाचा आहे. कुत्रा हुंगतो तेव्हा आत गेलेली हवा नाकातच दोन वाटांनी फुटते. बहुतेक हवा फुप्फुसाकडे जाते. आठवा भाग म्हणा, साधारण १२-१३ टक्के हवा, वरच्या वाटेने नाकाच्या अगदी मागच्या कप्प्यात शिरते. तिथे कागदाच्या गुंडाळीसारखी पातळ हाडं असतात आणि त्यांच्यावर वास टिपणाऱ्या पेशींचं अस्तर असतं. श्वास सोडताना या कप्प्यातली हवा बाहेर ओढली जात नाही, त्यामुळे एकामागून एक हुंगण्यांचा वास तिथे साठत जातो. आपल्या नाकात असा वेगळा कप्पा नाही. येणारी आणि जाणारी हवा एकाच वाटेने जाते.

दुसरी गोष्ट नाकपुडीच्या कडेच्या चिरेची. कुत्रा श्वास सोडतो तो समोर नाही, त्या चिरेतून मागे आणि बाजूला. त्या झोताने पुढची ताजी हवा नाकाकडे ओढली जाते. हे सगळं सेकंदाला सुमारे पाच वेळा. दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या जागची हवा घेतात, म्हणून वास डावीकडून येतोय की उजवीकडून याचा अंदाजही त्याला येतो.

आता याचा तुमच्या डब्यांशी संबंध. हुंगण्याची ओढ नाकापुढे काही सेंटिमीटरच पोचते, म्हणजे नाक डबीच्या झाकणाजवळ गेलंच पाहिजे. पट्ट्याने भरभर पुढे नेलं तर दोन-तीन हुंगण्याही होत नाहीत आणि मागचा कप्पा भरत नाही. डब्या वीतभर अंतरावर मांडल्या तर त्यांचे वास एकमेकांत मिसळतात. दोन डब्यांत निदान ६०-७० सेंटिमीटर सोडा. छिद्रं वरच्या बाजूला आणि बारीक ठेवा, म्हणजे नाक कुठे न्यायचं ते तिला आपोआप कळतं.

आणि धापा. तोंड उघडून धापा टाकणारा कुत्रा त्याच वेळी नीट हुंगू शकत नाही, कारण हवा तोंडावाटे ये-जा करते. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवरच्या २००३ च्या अभ्यासात धापा वाढल्या तसं शोधण्याचं प्रमाण घसरलं होतं. मोकळ्यावर ती डब्यांकडे बघत नाही याचं एक कारण हेही असू शकतं. आधी दहा मिनिटं सावलीत शांत बसवा, पाणी पाजा, तोंड मिटलं की मगच सुरू करा.

---

पाऊलखूण

क्रमाबद्दल लिहितो. तुमच्या पद्धतीत मूळ अडचण अशी दिसते की बसणं आधी शिकवलं गेलं आणि वासाचं मोल नंतर. उलट हवं.

सामान: एकसारख्या आठ स्टीलच्या किंवा काचेच्या डब्या, छिद्रांची झाकणं, लांब चिमटा, वास नसलेले नायट्राइलचे हातमोजे, वाटाण्याएवढे मऊ खाऊचे तुकडे. लवंग चालेल, पण एका डबीत एकच आणि ती कुत्रीच्या तोंडात जाणार नाही अशी बंद. तेल वापरायचं असेल तर अंगाला, पट्ट्याला किंवा फरशीला कधीही लावू नका. काचेच्या बरणीच्या तळाशी कागदावर दोन थेंब टाका, वर जाळीवर कापसाच्या काड्यांचे तुकडे ठेवा आणि झाकण लावून एक दिवस राहू द्या. तुकड्यांना तेल न लागता वास लागतो. टी ट्री आणि विंटरग्रीनची तेलं कुत्र्यांना विषारी आहेत, ती घरातल्या सरावात आणूच नयेत.

पहिला टप्पा, वासाचं मोल. एकच डबी हातात धरा. नाक झाकणाजवळ आलं त्या क्षणी क्लिकर (दाबलं की 'टिक' वाजणारं छोटं साधन) वाजवा किंवा ठरलेला एक छोटा शब्द म्हणा, आणि लगेच खाऊ द्या, तोही डबीच्या तोंडाशीच. दहा-बारा वेळा झालं की थांबा. दिवसातून दोन-तीन बैठका, प्रत्येक दोन-तीन मिनिटांची. चार-पाच दिवसांत डबी दिसली की ती नाक खुपसायला येते. इथे बसायला सांगू नका, काहीच सांगू नका.

दुसरा टप्पा, निवड. एक वासाची आणि एक रिकामी डबी. मग तीन, पाच, आठ. दहापैकी आठ बरोबर आल्याशिवाय संख्या वाढवायची नाही. चूक झाली तर "नाही" म्हणू नका. गप्प राहा आणि पुढे जाऊ द्या. रागावलं की कुत्रा वास घेणं कमी करतो आणि माणसाचा चेहरा वाचणं वाढवतो, तुमच्याकडे तेच सुरू झालेलं दिसतंय.

तिसरा टप्पा, खूण. बसण्याऐवजी नाक डबीवर रोखून धरणं शिकवा. नाक लागल्यावर क्लिक अर्धा सेकंद उशिरा करा, मग एक सेकंद, दोन, चार. पाच सेकंद रोखणारा कुत्रा पुरेसा आहे. बसण्यात दोन दोष असतात. एक म्हणजे वास नेमका कुठून येतोय हे कळत नाही, कारण बसायला तो मागे सरतो. दुसरा, बसणं हे त्याला हजार वेळा खाऊ मिळवून दिलेलं वागणं आहे, काही सुचलं नाही की तो तेच करून बघतो. तुमची कुत्री रिकाम्या डबीपुढे बसते ते फसवण्यासाठी नाही. "बसलं की मिळतं" हा तिचा जुना धडा वासाच्या धड्यापेक्षा पक्का आहे.

चौथा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात. "लवंगेची डबी" आणि "रिकामी डबी" यांत लवंग सोडून दुसरे फरक कोणते, ते शोधायचे. लवंगेच्या डबीला तुम्ही जास्त वेळा हात लावता. ती वेगळ्या कपाटात ठेवता. तिच्यावर खाऊचे कण पडलेले असतात. तिला कुत्रीची लाळ लागलेली असते. लवंग ठेवायला कापसाचा बोळा घातला असेल आणि बाकीच्यांत नसेल, तर ती कापूस शोधत असू शकते. म्हणून बाकी सात डब्यांतही तेवढाच बोळा, तेच हातमोजे, तेवढीच हाताळणी. रिकाम्या डब्या आधी भरायच्या, वासाची शेवटी, आणि मग हातमोजे बदलायचे. दर बैठकीनंतर डब्या सुवासहीन साबणाने गरम पाण्यात धुवून पूर्ण वाळवा. वासाची डबी कायम तीच नको. आज एक नंबरची, उद्या सहा नंबरची, आणि जुनी वासाची डबी धुवूनही दोन-तीन दिवस रांगेबाहेर.

एक-दोन डब्यांत मुद्दाम भुलवणारे वास ठेवा: खाऊचा तुकडा, रबर, चिकटपट्टी, तुमचा वापरलेला हातमोजा. सुरुवातीला ती खाऊच्या डबीशी थांबेल. तिथे काहीच मिळत नाही हे दोन दिवसांत कळतं.

पाचवा टप्पा, जागा. कुत्र्याला "लवंग = खाऊ" हा धडा "या खोलीत, या फरशीवर, या डब्यांत लवंग = खाऊ" असा कळलेला असतो. खोली बदलली की कसोटी दोन पायऱ्या खाली आणा: आठऐवजी दोन डब्या, खूण अर्ध्या सेकंदाची. सहा-सात वेगवेगळ्या जागा झाल्या की पुढच्या नव्या जागेत घसरण फारशी होत नाही. मग डब्याही सोडायच्या. वासाचा तुकडा खुर्चीखाली, दाराच्या फटीत, खिडकीच्या चौकटीत. उंचावर ठेवलेल्या वासाची हवा अनेकदा दूर खाली येऊन साचते, त्यामुळे ती भिंतीच्या तळाशी घुटमळेल. तिथे बक्षीस देऊ नका. वर नाक उचलून मुळापर्यंत जाईपर्यंत थांबा.

लपवल्यावर किती वेळाने शोधायला लावता हेही बदलत ठेवा. आत्ता ठेवलेल्या तुकड्याभोवती वास पसरलेला नसतो, तासाभराने खोलीभर असतो. दोन्ही प्रकारचा सराव हवा. प्रमाणाचंही तसंच. कायम एका लवंगेवर शिकलेला कुत्रा चिमूटभर पुडीला चुकतो. आणि मूठभर लवंगा ठेवल्या तर मुळापासून दूर, वासाच्या कडेलाच खूण देतो, कारण त्याच्या ओळखीचं प्रमाण त्याला तिथेच मिळतं.

---

मृदगंध

खूप उपयोगी. कापसाचा बोळा खरंच फक्त लवंगेच्या डबीत होता. एक शंका: डब्या मांडतानाही मीच आणि पट्टा धरूनही मीच असते. ती तोंडाकडे बघते त्याचा याच्याशी संबंध असेल का?

---

आंधळी_चाचणी

संबंध आहेच, आणि हा सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

जर्मनीत हान्स नावाचा घोडा खुरांनी गणितं सोडवतो अशी ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंगस्ट यांनी दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की घोड्यालाही येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा तेवढंच बघून थांबायचा. कुत्रा माणसाला घोड्यापेक्षाही बारकाईने वाचतो.

कुत्र्यांवरचा थेट पुरावा २०११ चा आहे. अमली पदार्थ किंवा स्फोटकं शोधणाऱ्या १८ जोड्यांना (कुत्रा आणि त्याला हाताळणारा माणूस, म्हणजे हँडलर) काही खोल्यांत शोध घ्यायला लावला. हँडलरांना सांगितलं होतं की वास लपवलेला असू शकतो आणि काही ठिकाणी लाल कागद हीच जागेची खूण आहे. प्रत्यक्षात कुठेही काहीही लपवलेलं नव्हतं. तरी बहुतेक फेऱ्यांत "इथे आहे" असं नोंदवलं गेलं, आणि कागद लावलेल्या जागी ते प्रमाण जास्त होतं. कुत्रे काही खोटं बोलत नव्हते. हँडलरची अपेक्षा एक तर पट्ट्यातून खाली उतरली, नाहीतर कुत्र्याचं साधं थबकणंच त्यांना खूण वाटलं.

तुमच्या शरीरातून कोणत्या खुणा जातात ते पाहा. लवंगेच्या डबीशी पाऊल मंदावतं. पट्टा सैल होतो किंवा ताणला जातो. हात खाऊच्या पिशवीकडे जातो. श्वास रोखला जातो. नजर डबीवर टिकते. मोबाइल टेबलावर टेकवून बाजूने चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा, पाच मिनिटांत सापडतील.

उपाय असा. दुसऱ्या माणसाने डब्या मांडायच्या आणि कुत्री आत येण्याआधी खोलीबाहेर जायचं. तो खोलीत राहिला तर कुत्री त्याला वाचेल. जागा फासा टाकून ठरवायची, मनाने ठरवली तर माणसं टोकाच्या डब्या टाळतात आणि मधल्या वारंवार वापरतात, आणि ते कुत्र्याच्या लक्षात येतं. तुम्ही शक्यतो पट्टा न लावता, एका जागी, हात मागे बांधून उभं राहायचं. तिने खूण दिली की तुम्ही "खूण" एवढं मोठ्याने म्हणायचं आणि बाहेरच्याने "हो" किंवा "नाही" सांगायचं. "हो" आलं तर क्लिक आणि खाऊ. या एक-दोन सेकंदांच्या उशिरासाठी पाच सेकंद नाक रोखणं आधी शिकवून ठेवायचं असतं.

दर चार-पाच फेऱ्यांत एक फेरी पूर्ण रिकामी ठेवा. "नेहमी कुठेतरी असतंच" असं शिकलेला कुत्रा शेवटच्या डबीशी हमखास खूण देतो, कारण बाकी सगळ्या संपलेल्या असतात. रिकाम्या फेरीत तिने सगळ्या हुंगल्या आणि कुठेच खूण दिली नाही, तर शांतपणे बाहेर आणा आणि लगेच दुसऱ्या, वास असलेल्या रांगेवर न्या. बक्षीस तिथे मिळेल. सलग बऱ्याच रिकाम्या फेऱ्या झाल्या तर तिचं शोधणंच ढिलं पडतं, म्हणून मोठ्या जागेत काम करणारे लोक अधूनमधून मुद्दाम एखादा नमुना लपवून ठेवतात.

नोंद ठेवा, मनावर विसंबू नका. वहीत चार रकाने: वास होता आणि खूण दिली, वास होता आणि सोडला, वास नव्हता आणि खूण दिली, वास नव्हता आणि सोडला. आठ डब्यांत नुसत्या नशिबाने २० फेऱ्यांत दोन-तीन बरोबर येतात. सुरुवातीची "दहापैकी नऊ" ही मोजणी तुम्हाला उत्तर माहीत असतानाची आहे, ती मी धरणार नाही. आंधळ्या पद्धतीने, म्हणजे वास कुठे आहे ते तुम्हालाच माहीत नसताना, पुन्हा मोजा. आकडा खाली येईल, त्याने खचू नका. खरं शिकवणं त्या आकड्यापासून सुरू होतं.

---

वारा_पाठीशी

मोकळ्यावरचं मी सांगतो. हरवलेला माणूस आणि वस्तू यांच्याकडेही त्यातूनच येतो.

बाहेर वास हवेबरोबर वाहतो. मुळाशी अरुंद आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे रुंद होत जाणारा त्याचा पट्टा तयार होतो. कुत्रा वाऱ्याच्या वरच्या बाजूला असेल तर दोन मीटरवर ठेवलेल्या डबीचा वासही त्याच्यापर्यंत येत नाही. बारीक तोंडाच्या बाटलीत थोडी टाल्कम पावडर भरून दाबा, ढग कुठे जातो ते बघा, आणि सुरुवात वाऱ्याच्या खालच्या बाजूने करा. शोधायच्या जागेत वाऱ्याला आडवे, नागमोडी फेरे घ्यायचे. चालता चालता डोकं झटकन वळलं, शेपटीची लय बदलली किंवा तोंड मिटून हुंगणं जलद झालं, की ती वासाच्या पट्ट्याच्या कडेला लागली. तिथे आपण थांबायचं, तिला पुढे-मागे करू द्यायचं. हाक मारू नका.

वेळ निवडा. भर उन्हात जमीन तापते, हवा वर चढते आणि वासही घेऊन जाते. सकाळ, संध्याकाळ, ढगाळ दिवस, हलका वारा, थोडी ओल हे चांगलं. उतारावर दिवसा हवा वर चढते, रात्री थंड होऊन खाली दरीकडे सरकते, त्यामुळे एकाच जागी एकच शोध दुपारी आणि पहाटे वेगवेगळ्या बाजूने सुरू करावा लागतो. भिंती, खड्डे, दाट झुडपं यांच्यामागे वास साचतो. कुत्री तिथे घोटाळली तर तिला चूक धरू नका. वर कुठून येतोय ते विचारात घ्या.

माणूस शोधण्याच्या तीन वेगळ्या रीती आहेत आणि त्यांची गल्लत होते. एकीत कुत्रा पावलाला पाऊल लावून जमिनीवरचा माग घेतो, त्यात चिरडलेलं गवत आणि उकरलेली माती यांचाही वास असतो. दुसरीत तो ठरावीक माणसाचाच वास धरतो. त्वचेच्या बारीक खपल्या सतत गळत असतात, त्या वाऱ्याने पावलांपासून बाजूला गेल्या तर कुत्राही बाजूने चालतो. तिसरीत तो मोकळा सोडलेला असतो आणि हवेतला कुणाही माणसाचा वास शोधतो. जंगलात किंवा ढिगाऱ्यात ही शेवटची रीत जलद, पण आजूबाजूला इतर माणसं फिरत असतील तर निरुपयोगी. गर्दीच्या ठिकाणी दुसरीच हवी.

मागाची दिशा कुत्रा कशी ओळखतो हे फार सुंदर आहे. १९९३ च्या प्रयोगात कुत्र्यांनी दोन ते पाच पावलं हुंगून माणूस कुठल्या बाजूला गेला ते ओळखलं. म्हणजे एकामागून एक पडलेल्या पावलांमधल्या काही सेकंदांच्या शिळेपणाचा फरक त्यांना कळतो. म्हणूनच माग सुरू करताना पट्टा ओढून आपली दिशा लादू नये. पहिली पाच-सात पावलं त्याला मागे-पुढे करू द्यावीत.

कुणी हरवलं आणि श्वानपथक येणार असेल तर त्याआधी घरच्यांनी करायची कामं. शेवटचं दिसल्याची जागा दोरीने वेगळी करा, तिथे कुणी फिरू नये. जवळपासची वाहनं बंद ठेवा. त्या माणसाची उशीची खोळ किंवा आतला कपडा चिमट्याने उचलून स्वच्छ कागदी पिशवीत किंवा काचेच्या बरणीत ठेवा. हाताने उचललं की उचलणाऱ्याचा वासही त्यात जातो. धुवायच्या कपड्यांच्या ढिगातला कपडा नको, त्यात घरभराचा वास मिसळलेला असतो. शुद्ध वस्तू मिळालीच नाही तर जी मिळेल ती द्या, आणि तिला हात लावलेले सगळे लोक तिथेच थांबू द्या. कुत्रा वस्तू हुंगतो, मग हजर माणसांना हुंगतो, आणि जो वास वस्तूवर आहे पण माणसांत नाही त्याच्या मागे जातो. हे त्याला शिकवलेलं असावं लागतं, पण पथकांतल्या बऱ्याच कुत्र्यांना ते येतं.

घरच्या कुत्रीकडून किल्ली शोधून घेणं याच्या मानाने सोपं आहे. किल्ली पाच मिनिटं मुठीत धरा आणि गवतात टाका. सुरुवातीला दोन मीटर चौरस जागा, मग पाच, मग दहा. तिने शोधायचा वास धातूचा नसून ताज्या माणसाच्या हाताचा आहे. म्हणून वस्तू बदलत राहा: किल्ली, पाकीट, लाकडाचा तुकडा. गवत मात्र आधी तुडवू नका, नाहीतर ती तुमच्या पावलांमागे जाईल.

---

नाकपुडी

वरच्या उतारावरच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. तब्येतीचं राहिलं होतं ते दोन ओळींत. जुलाबावर दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल काही कुत्र्यांची वास ओळखण्याची क्षमता कमी करतं, असं २०१६ च्या अभ्यासात दिसलं. स्टेरॉइडनेही ती मंदावते. औषध चालू असताना कामगिरी घसरली तर शिकवण्यात चूक शोधत बसू नका आणि औषध मनाने बंदही करू नका, पशुवैद्याला सांगा. नाकाचे विषाणू आजार, किडलेले दात, फिनेलने पुसलेली फरशी, उदबत्ती, सिगारेटचा धूर हेही अडथळेच. चपट्या नाकाच्या जाती या कामात मागे पडतात, हे २०१६ मध्येच मोजून दाखवलं गेलं आहे.

---

नमुना_क्रमांक_शून्य

आजार ओळखण्याबद्दल. इथे उत्साह जास्त आणि काटेकोरपणा कमी दिसतो, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका पत्राने झाली. एका बाईची कुत्री तिच्या पायावरचा एकच तीळ सतत हुंगायची, तपासल्यावर तो त्वचेचा कर्करोग निघाला. पहिली नीट आखलेली चाचणी २००४ ची, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधली. मूत्राशयाचा कर्करोग, सहा कुत्रे, लघवीचे सात नमुने, त्यांत एक रुग्णाचा. ५४ पैकी २२ वेळा बरोबर, म्हणजे ४१ टक्के. नशिबाने १४ टक्के आले असते. वासात काहीतरी आहे हे यातून पक्कं झालं, पण निदान म्हणून ४१ टक्के कुणालाच चालणार नाही. याच कामात एका "निरोगी" नमुन्याकडे कुत्रे पुन्हा पुन्हा बोट दाखवत राहिले. त्या माणसाची पुढे तपासणी झाली तेव्हा मूत्रपिंडात कर्करोग सापडला.

इथली मुख्य चूक पाठांतराची. कुत्र्याला दहा रुग्णांचे दहा नमुने पुन्हा पुन्हा दाखवले तर तो "कर्करोगाचा वास" शिकत नाही, दहा माणसांचे वास पाठ करतो. एकसारखी दिसणारी जुळी माणसं वासावरून वेगळी काढता येणाऱ्या प्राण्याला ते सहज जमतं. सरावात उत्तम गुण मिळवणारे कुत्रे अनोळखी नमुन्यांवर कोसळल्याचं पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगावरच्या २०१४ च्या कामात दिसलं. त्यावर उपाय एकच, सतत नव्या माणसांचे नमुने. शिवाय रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे नमुने एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या बाटलीत, तेवढेच दिवस गोठवलेले हवेत. नाहीतर कुत्रा दवाखान्याचा वास शिकतो. नीट आखलं की निकालही चांगले येतात. गांबियातल्या मुलांचे रात्रभर घातलेले मोजे वापरून २०१९ मध्ये छापलेल्या चाचणीत कुत्र्यांनी मलेरियाचे जंतू असलेल्या सुमारे ७० टक्के आणि नसलेल्या सुमारे ९० टक्के मुलांना बरोबर ओळखलं, तेही मुलांना ताप नसताना.

साखरेबद्दल. साखर उतरते तेव्हा श्वासातलं आयसोप्रीन हे रसायन वाढतं असं २०१६ मध्ये दिसलं, कुत्रे तेच टिपतात का हे ठरायचं आहे. २०१९ मध्ये २७ शिकवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. साखर उतरल्याचे प्रसंग ओळखण्याचं मध्यक प्रमाण ८३ टक्के, चढल्याचे ६७ टक्के. पण कुत्र्या-कुत्र्यांत फरक प्रचंड होता. हे कुत्रे झोपतात, आजारी पडतात, दुसऱ्या खोलीत असतात. म्हणून साखर मोजण्याचं यंत्र हेच मुख्य, कुत्रा जोडीला. कुत्रा शांत आहे म्हणून मोजणं टाळलं, तर तो कुत्रा धोका वाढवतो.

घरी प्रयत्न करायचाच असेल तर नमुना घामाचा घ्या, तोंडातला नको. यंत्रावर साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली दिसली की रुग्णाने आधी १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या घ्यायच्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तो घेत असताना दुसऱ्याने हातमोजे घालून मानेवरचा किंवा कपाळाचा घाम निर्जंतुक गॉझने टिपायचा, काचेच्या कुपीत बंद करायचा, तारीख-वेळ-आकडा लिहायचा आणि गोठवायचा. नमुन्यासाठी साखर घ्यायला एक सेकंदही उशीर नको. त्याच माणसाचे, त्याच दिवशीचे, साखर सामान्य असतानाचे नमुने तशाच कुप्यांत घ्या, आणि निदान तितकेच व्यायामानंतरच्या घामाचे. नाहीतर कुत्री "घाम आला" एवढंच शिकेल. वेगवेगळ्या प्रसंगांचे वीस-पंचवीस नमुने हवेत, आणि एक नमुना तीन-चार वेळांपेक्षा जास्त उघडू नका, तो शिळा होतो आणि पाठही होतो.

नमुन्यावरून ओळखणं आणि माणूस शेजारी बसलेला असताना आपणहून येऊन सांगणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्यासाठी खूण ठळक हवी, जसं हाताला नाक ढोसणं. आणि प्रत्येक खुणेनंतर यंत्रावर मोजूनच बक्षीस. न मोजता खाऊ दिला तर महिनाभरात ती भूक लागली की हात ढोसायला लागते.

---

मृदगंध

सगळ्यांचे आभार. सगळ्या डब्या धुवून वाळत घातल्या आहेत, बोळे आठही डब्यांत जातील. बसण्याची सवय मोडायला किती दिवस लागतात? आणि तोवर ती बसली तर काय करायचं?

---

पाऊलखूण

मोडायला जाऊ नका, तिच्याआधी क्लिक करा. डब्या जमिनीवरून उचलून तिच्या छातीच्या उंचीच्या स्टुलावर ठेवा. बसल्यावर नाक झाकणापर्यंत पोचणार नाही, उभं राहूनच पोचेल. नाक लागलं की अर्ध्या सेकंदात क्लिक, आणि खाऊ झाकणावर. त्यामुळे तिला बसायला वेळच मिळत नाही. बसलीच तर काही बोलू नका, दोन पावलं चाला म्हणजे ती उठेल. साधारण आठ-दहा बैठका धरा. उभ्याने दोन सेकंद रोखायला लागली की स्टूल दर दोन दिवसांनी थोडं थोडं खाली आणा. जमिनीवर आल्यावर बसणं परत दिसलं तर उंची एक पायरी वाढवा आणि तिथे आणखी दोन दिवस काढा.